चौदाव्या मजल्यावरचं पाणी

रविवारी सकाळी दिपमाला धुळ्याहून आली तेव्हा तिचे वडील ओट्यावर तयार होऊन बसले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, डोक्याला चापून लावलेलं तेल. चिंधा पाटील एरवी लग्नाला जायचं असलं तरी शेवटच्या घटकेपर्यंत बनियनवर फिरत. आज मात्र चपलासुद्धा पायात होत्या.

शेजारच्या कुंदाबाई अंगण झाडता झाडता थांबल्या. "दिपा, आज तुना बापले दखाले पोर येवावाली शे का काय? सहा वाजापासून नटीसन बठेल शे."

"टॉवर दखाले जाई ऱ्हायनू," आबा म्हणाले. "अठरा माळानं शे."

"मंग काय, आमले इसरी जाशात."

"इसरसू कसाले? वरतून पानी सोडसू ना तुमले."

कुंदाबाई खदखदून हसल्या. दिपमालाही हसली, पण किंचित. पाण्याचा विषय निघाला की तिचं हसू नेहमीच तेवढ्यावर थांबायचं.

आबा जळगावच्या नगरपालिकेत, पुढे महानगरपालिका झाल्यावर तिथेच, एकोणतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. पिंप्राळ्यातल्या कोणत्या गल्लीला कधी आणि किती वेळ पाणी येणार, हे त्यांच्या हातातल्या लोखंडी चावीने ठरायचं. चावी म्हणजे छातीएवढी उंच सळई, वर धरायला आडवी मूठ. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी खाली उतरवून व्हॉल्व्हवर बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. फिरवून झालं की आबा चावीच्या मुठीला कान लावत. खाली पाणी धावतंय, की नळीत हवा अडकलीय, की पुढे कुठे गळतंय, हे त्यांना सळईतून ऐकू यायचं. साहेब लोक नकाशे उलगडून बसत, आबा कान लावून सांगत.

पाणी उशिरा आलं की बायका दारात येऊन त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या. शाळेतली पोरं दिपमालाला 'पाणीवाल्याची पोर' म्हणून हाक मारायची. सहावीत असताना शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर तिने पहिल्यांदा 'नोकरी' एवढंच लिहिलं. पुढे कॉलेजात 'पाणीपुरवठा खात्यात आहेत' झालं. धुळ्याच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायला लागली तोवर त्या वाक्याला 'अधिकारी' हा शब्द कधी येऊन चिकटला, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती. जूनपासून तिची नेमणूक जळगावला होणार होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. आबांनी आणि आपण एका घरात राहावं, एवढं साधं तिच्या मनात होतं.

महामार्गापलीकडच्या नीलशिखर टॉवरमधली दोन घरं तिने पाहून ठेवली होती. पाचव्या मजल्यावरचं पाचशेदोन, बागेकडे तोंड असलेलं. आणि चौदाव्या मजल्यावरचं चौदाशेतीन, सातपुड्याकडे तोंड असलेलं.

"दोन मी निवडलीत, आबा. त्यातलं एक तुम्ही निवडा."

"मी?" आबांनी विचारलं होतं. जन्मात त्यांना कुणी घर निवडायला सांगितलं नव्हतं.

रिक्षा टॉवरच्या फाटकाशी थांबली. आबा उतरले आणि मान मागे टाकून वर पाहू लागले. पाहता पाहता एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक. रिक्षावाला ओरडला, "बाबा, गाडी येतेय मागून!" तेव्हा कुठे ते भानावर आले.

"एवढ्या उंच," ते हळूच म्हणाले.

मोनाली नावाची मुलगी त्यांना दाखवायला आली. पंचविशीतली, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. तिने आधी लिफ्टने थेट गच्चीवर नेलं. लिफ्टमध्ये आबांनी दिपमालाचा दंड घट्ट धरला होता, आणि दार उघडल्यावरही ते सोडायचं विसरले. कार्तिकातली स्वच्छ हवा होती. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, तिच्या अलीकडे केळीच्या बागांचा गर्द पट्टा, आणि पायाशी सगळं जळगाव पसरलेलं. डाळमिलांचे पत्रे उन्हात चमकत होते. मेहरूणचा तलाव तळहाताएवढा दिसत होता. दिपमालाने जाहिरातीतली 'आकाशाच्या सोबतीने जगा' वगैरे वाक्यं वाचून नाक मुरडलं होतं. आता तिला त्या वाक्याला हसावंसं वाटेना. ज्या गावात आपण चव्वेचाळीस वर्षं ये-जा केली ते एका नजरेत मावतं, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"पिंप्राळा कोठे शे?" आबांनी विचारलं.

मोनालीने बोट दाखवलं. आबा बराच वेळ तिकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. दिपमालाच्या लक्षात आलं, ते गल्ल्या मोजताहेत. कोणती टाकी, कोणती लाइन, कोणता व्हॉल्व्ह.

मग मोनालीने एकेक सोय दाखवायला सुरुवात केली. व्यायामशाळा, योगासनांचा लाकडी मंच, छोटं थिएटर, ज्येष्ठांसाठी कट्टा. आबा सगळ्याला मान डोलवत होते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या पोहण्याच्या तलावाशी ते थांबले. इमारतीच्या कुशीत निळं पाणी पसरलं होतं आणि काठावरून एका बारीक पन्हळीत अखंड सांडत होतं. आबांनी गुडघे टेकले आणि पाण्यावर तळवा ठेवला.

"हाई सगळं वाया जास?"

"नाही काका, फिरून परत येतं. आणि घरातल्या प्रत्येक नळाला चोवीस तास पाणी आहे."

"चोवीस तास?"

"हो काका."

"अठराव्यालाबी?"

"अठराव्यालाही."

आबांनी मोनालीकडे असं पाहिलं की ती मुलगी ओशाळली. ज्या माणसाने एकोणतीस वर्षांत कुणाला सलग तासभरही पाणी दिलं नव्हतं, त्याला ती काय सांगत होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

दिपमाला थबकली ती ग्रंथालयापाशी. एका बाजूला पूर्ण काच, काचेतून डोंगर, आणि उरलेल्या तीन भिंतींना छतापर्यंत सागवानी फळ्या. सगळ्या अजून रिकाम्या. तिने आयुष्यभर पुस्तकं खाटेखाली, फडताळात, ट्रंकेत ठेवली होती. ती त्या रिकाम्या फळ्यांसमोर उभी राहिली आणि लहानपणी देवळात गेल्यावर वाटायचं तसं काहीतरी तिला वाटलं.

नंतर कार्यालयात कॉफी आली. मोनालीने समोर कागद ओढला आणि सहज विचारलं, "काका कुठून रिटायर झाले?"

आबांनी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दिपमाला बोलून गेली. "पाणीपुरवठा विभागात अधिकारी होते."

वीस वर्षांच्या सवयीचं वाक्य. पण आजवर ते आबांच्या समोर तोंडातून निघालं नव्हतं.

आबा आपल्या हातांकडे बघत होते. बोटांच्या मुळाशी चावीचे घट्टे होते, निवृत्तीला बारा वर्षं होऊनही न गेलेले. त्यांनी हात टेबलाखाली घेतले.

"हां," ते म्हणाले. घरात ते कधी बोलत नसत तशा शुद्ध मराठीत. "ऑफिसात होतो. बैठं काम."

दिपमालाने कॉफीचा कप उचलला. कप रिकामा होता, तरी तिने तो ओठांना लावला.

मग दोन्ही घरं पाहून झाली. पाचशेदोनमध्ये आबा फार बोलले नाहीत. चौदाशेतीनमध्ये आतल्या खोलीत गेल्यावर त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि अचानक कान भिंतीला लावला. डोळे मिटले.

"काका, काय ऐकताय?" मोनाली हसत म्हणाली.

"आबा, चला ना," दिपमाला दबक्या आवाजात म्हणाली.

ते लगेच बाजूला झाले. "जरा खाले जाई येस," एवढं म्हणून लिफ्टकडे गेले. अर्धा तास आले नाहीत. आले तेव्हा गुडघ्याला सिमेंटची धूळ होती आणि चेहऱ्यावर लपवता न येणारा आनंद. दिपमालाने काही विचारलं नाही. तिला वाटलं, पुन्हा तलाव बघत बसले असतील.

परतताना रिक्षात आबा गुडघ्यावरची धूळ झटकत होते. मग म्हणाले, "दिपा, अधिकारीले काय काय काम ऱ्हास?"

तिने वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

"नही, म्हंजे तठे ऱ्हावाले गवूत तं लोकं इचारतीन. सांगता येवाले पाहिजे."

दिपमाला बाहेर बघत राहिली. रस्त्याच्या कडेला कुणीतरी वांगी भाजत होतं, तो धूर रिक्षात आला आणि गेला. तिला म्हणायचं होतं, आबा, असं काही शिकायची गरज नाही. ते वाक्य तिच्या घशापर्यंत आलं. पण ते म्हटलं की त्याच्यामागे आणखी एक वाक्य येणार होतं, आणि ते तिने कधीच कुणापुढे उच्चारलं नव्हतं.

संध्याकाळी बसस्टँडवर आबा तिला सोडायला आले. धुळ्याची बस लागली होती.

"मग? कोणतं घर?"

"रातभर इचार करू दे. सकाय फोनवर सांगस."

"गोळी घ्या जेवणानंतर."

"लेसू."

बस वळली तेव्हा ते फलाटावर उभे होते, हात वर करून.

सकाळी सव्वासातला फोन आला. पण तो कुंदाबाईंचा होता.

*

दहा दिवस माणसं आबांच्या दुखवट्याला दारावर येत होती. खान्देशात भेटायला येणाऱ्यांना कुणी बोलवत नाही. ती येतात, ओट्यावर बसतात, थोडं रडतात, जुनं काही सांगतात आणि उठतात. दिपमालाला वाटलं होतं, भाऊबंद येतील, कॉलेजातले येतील. आल्या त्या गल्ल्याच्या गल्ल्या. तिला माहीत नसलेल्या बायका. एकीच्या घरी लग्न होतं तेव्हा आबांनी वार नसताना तिच्या गल्लीला अर्धा तास पाणी सोडलं होतं, आणि त्यासाठी साहेबाची बोलणी खाल्ली होती. दुसरी म्हणाली, "मी त्याले लई शिव्या देयेल शेत. कधी उलट बोलना नही." आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली.

दिपमाला ऐकत होती, सगळ्यांना पाणी देत होती. रडली नाही. कुंदाबाईंनी तिच्या मामेभावाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगी शिकेल शे, म्हनीसन रडत नही." खरं कारण वेगळं होतं. रडायला बसलं की तिला टेबलाखाली गेलेले ते हात दिसायचे, आणि त्या दृश्यापुढे रडणं फार सोपं, जवळजवळ निर्लज्ज वाटायचं. ज्याने माझी लाज राखायला स्वतःचं सगळं आयुष्य एका वाक्यात पुसलं, त्याच्यासाठी मी काय करणार? माफी मागायला माणूस उरला नव्हता. खोटं मात्र शाबूत होतं. ते तिकडे नीलशिखरच्या कागदावर लिहिलेलं होतं.

महिन्याने मोनालीचा फोन आला. आधी तिने काकांबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि ते मनापासून होतं. मग म्हणाली, "मॅडम, दोन्ही घरं तुमच्यासाठी धरून ठेवलीत. येत्या रविवारी नव्या रहिवाशांचा परिचय मेळावा आहे. त्याआधी एक ठरवता आलं तर बरं होईल."

दिपमालाला वाटलं, नको म्हणावं. एकटीला एवढं घर कशाला? पण आबा काहीतरी ठरवत होते आणि ते तिला कळलं नव्हतं, हे तिला सुटेना. ती रविवारी दोन तास आधीच गेली.

मोनालीने दोन्ही आराखडे समोर ठेवले. "खरं सांगू का मॅडम? पाचशेदोन घ्या. चौदाशेतीनचा देखावा छान आहे, पण आतल्या खोलीच्या भिंतीमागून पाण्याची मुख्य लाइन वर जाते. पंप चालू झाला की आवाज येतो. एक-दोघांनी त्याच कारणाने सोडलं."

दिपमालाने आराखड्यावरच्या त्या भिंतीवर बोट ठेवलं. "हा पंप कुठे असतो?" तिने विचारलं.

"खाली तळघरात. लोटनदादा बघतात. पण तिकडे कशाला मॅडम, धूळ आहे."

तिच्या डोळ्यांपुढे आबांच्या पँटचा गुडघा आला. ती उठली.

तळघरात गाड्यांच्या रांगांपलीकडे एक लोखंडी दार होतं. आत पन्नाशीचा एक माणूस खाकी शर्टात डबा खात बसला होता. तिला पाहून त्याने पोळी खाली ठेवली.

"तुम्ही चिंधाभाऊंच्या कन्या ना? नाक तेच आहे."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"अर्धा तास ओळखतो," लोटन म्हणाला. "त्या दिवशी दारात येऊन उभे राहिले. म्हणे, हाई बठ्ठं पानी वर जास ते कोठून जास? मी म्हटलं, बाबा, तुम्ही कोण? तर म्हणाले, मी व्हॉल्व्हमन. एकोणतीस वरीस पिंप्राळाले पानी सोडेल शे."

"असं म्हणाले?"

"छाती पुढे काढून, ताई. मी उठून नमस्कारच केला. आम्ही बटन दाबणारी माणसं. त्यांच्या पिढीने हाताने गावं पाजली."

वरच्या कार्यालयात 'बैठं काम' म्हणालेला माणूस तासाभरात इथे खाली येऊन खरं बोलून गेला होता. बोलायला त्याला तळघर मिळालं होतं.

"बघायचंय?" लोटनने विचारलं. "त्यांनी बघितलं ते?"

त्याने जमिनीतलं एक जड झाकण उचललं आणि आत दिव्याचा झोत सोडला. दिपमाला गुडघ्यावर बसली. खाली एक दालन होतं. खांबामागे खांब, आणि खांबांच्या कमरेपर्यंत काळंभोर, निश्चल पाणी. दिव्याचा उजेड त्यावर पडून छतावर थरथरत होता. तिने जुन्या बारवांवर पानंच्या पानं वाचली होती, विद्यार्थ्यांना त्या दाखवायला नेलं होतं. अशी बारव चालत्या शहराच्या खाली, गाड्यांच्या चाकांखाली अंधारात भरलेली असते, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. शंभर घरांच्या उद्याच्या अंघोळी, चहा, देवपूजा, सगळं इथे गप्प उभं होतं. झाकणातून थंड वास वर आला. ती श्वास रोखून पाहत राहिली.

"भाऊ असेच बसले होते. हात जोडून," लोटन म्हणाला.

मग त्याने पंप सुरू केला. आधी जमीन घुमली, मग भिंतीतली जाड नळी थरथरली. लोटनने एक लांब पाना नळीला टेकवला आणि दुसरं टोक तिच्यापुढे केलं. तिने कान लावला.

कानात पाणी धावत होतं. जड, गोल, दमदार आवाज, वर, वर, आणखी वर. तिने घराघरात नळाखाली वाजणारं पाणी ऐकलं होतं, नद्यांचं ऐकलं होतं. हे वेगळं होतं. हे अंधारात उभं चढत होतं आणि थांबत नव्हतं. आबांनी आयुष्यभर हे ऐकलं होतं, आणि एवढ्या वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं की आबा, काय ऐकू येतं?

"त्यांनी असाच पाना लावला आणि दोन मिनिटांत म्हणाले, वर कुठेतरी हवा धरलीय. मी शोधलं. अकराव्यावर होती," लोटन सांगत होता. "मग म्हणाले, चौदाव्यावरचं घर माझ्या मनात भरलंय. झोपायच्या खोलीच्या भिंतीत पाणी ऐकू येतं. रात्री जाग आली तर समजेल, पाणी चालू शे, निजी जावो."

"मग मला लगेच का नाही सांगितलं? म्हणाले, रात्रभर विचार करू दे."

लोटन थोडा घुटमळला. "तुमच्यामुळे. म्हणाले, मनी पोर वाचस. तिले आवाज चालीन का नही, काय माहीत. तिले तरास होवाले नको."

दिपमाला लिफ्टने चौदाव्या मजल्यावर गेली. चौदाशेतीनचं दार उघडंच होतं. आतल्या रिकाम्या खोलीत ती भिंतीला पाठ लावून फरशीवर बसली. समोर खिडकीत सातपुडा होता, उन्हात धूसर झालेला. आणि पाठीमागे, विटांच्या पलीकडून, पाणी वर जात होतं. खालच्यापेक्षा मऊ आवाज. कुणीतरी शेजारच्या खोलीत हलक्या पावलांनी चालत असावं तसा. ती डोळे मिटून बसली. त्रास व्हावा असं त्यात काहीच नव्हतं. या भिंतीपाशी पुस्तक उघडून बसता आलं असतं. आबा पलंगावर, आपण खुर्चीत. ती तिथेच थोडं रडली. मग उठून तोंड धुतलं. चौदाव्या मजल्यावर नळ सोडला आणि पाणी आलं. ते हातावर घेऊन ती बघत राहिली.

खाली येऊन तिने मोनालीला सांगितलं, "चौदाशेतीन."

"पण मॅडम, आवाज..."

"हो. म्हणूनच."

*

मेळावा तलावाच्या बाजूच्या सभागृहात होता. पांढरे कपडे चढवलेल्या खुर्च्या, पुढे मंच, बाहेर निळं पाणी. बिल्डर नवलशेठ स्वतः सगळ्यांची ओळख करून देत होते. सत्तरीचे, गोल चेहऱ्याचे, प्रत्येकाला 'आपल्या घरातले' म्हणणारे. एका डॉक्टर जोडप्याने चालायच्या ट्रॅकमुळे घर घेतल्याचं सांगितलं. ठिबकचा धंदा असलेला एक तरुण म्हणाला, थिएटरसाठी घेतलं, पण बायको मालिका लावेल हे लक्षात आलं नाही. लोक हसले.

पुढच्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. सुगंधाबाई त्यांचं नाव. "मला एवढंच सांगा, वरती उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या वाळत घालू देणार का?"

"मावशी, तो स्काय डेक आहे," मोनाली कासावीस होऊन म्हणाली.

"असू दे. ऊन तर तेच आहे ना? उलट दोन हात जवळ."

सभागृहात हशा उसळला. नवलशेठ हात जोडून म्हणाले, "अक्का, उत्तरेचा कोपरा तुमचा. पण पहिली बिबडी माझी."

दिपमालाही हसली. या माणसांत आबा किती रमले असते, असं तिला वाटलं. आणि लगेच दुसरा विचार आला. रमले असते, पण काय म्हणून? अधिकारी म्हणून. रोज सकाळी कट्ट्यावर बसून, पाठ केलेलं बोलत.

तेवढ्यात नवलशेठनी पुढचं कार्ड उचललं. जाड कागद, सोनेरी कडा. मोनालीने प्रेमाने करून घेतलेलं.

"आता प्राध्यापिका डॉक्टर दिपमाला पाटील. फ्लॅट चौदाशेतीन. आपल्या जळगावच्या पाणीपुरवठा विभागातले निवृत्त अधिकारी, स्वर्गीय चिंधा पाटील यांच्या कन्या." त्यांनी आवाज खाली आणला. "पाटील साहेब आज आपल्यात नाहीत. त्यांच्यासारखी उच्चपदस्थ, सुशिक्षित मंडळी आपल्या टॉवरची शोभा ठरली असती. मॅडम, दोन शब्द बोला."

टाळ्या झाल्या. माइक तिच्या हातात आला. ती रोज साठ मुलांपुढे उभी राहायची, तरी तिने माइक दोन्ही हातांनी धरला. आभार मानून खाली बसता आलं असतं. कुणालाच काही कळलं नसतं. कार्ड कपाटात गेलं असतं, आणि 'पाटील साहेब' नावाचा कुणी एक अधिकारी या इमारतीत कायमचा राहायला आला असता. ज्या माणसाने भिंतीला कान लावून हे घर निवडलं, त्याला इथे जागा उरली नसती.

मागच्या दाराशी लोटन उभा होता. मोनाली तिच्याकडे बघून धीर देणारं हसत होती.

"नमस्कार," दिपमाला म्हणाली. आवाज स्वतःचाच, पण लांबून आल्यासारखा. "या कार्डावर चूक आहे. मोनालीची नाही, माझी आहे. मीच तसं सांगितलं होतं. माझे वडील अधिकारी नव्हते."

खुर्च्यांची कुरकुर थांबली.

"ते व्हॉल्व्हमन होते. एकोणतीस वर्षं त्यांनी पिंप्राळ्याला पाणी सोडलं. हाताने. माझं शिक्षण, ही डॉक्टरेट, सगळं त्या हातांनी झालं. आणि मी कुणालाही कधी सांगितलं नाही ते काय काम करतात."

नवलशेठनी हातातलं कार्ड खाली ठेवलं. दिपमाला आता समोरच्या कुणाकडे बघत नव्हती.

"आबा," ती म्हणाली, "मला तुमच्या कामाची लाज वाटायची. तुम्हाला ते ठाऊक होतं, आणि तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत."